ईसीटी : उपचाराला पैकीच्या पैकी, व्यवस्थेला काठावर पास

मोबाइल घ्यायचा म्हटलं तरी आपण आधी दहा जणांचं मत वाचतो. ईसीटीबद्दल (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी), म्हणजे डोक्याला वीज देऊन मुद्दाम आकडी आणणाऱ्या, लोक ज्याला सरळ ‘शॉक’ म्हणतात त्या उपचाराबद्दल, वाचायला बसलं की मात्र दोनच सूर कानावर येतात. एक म्हणतो, मेंदू जाळून टाकतात. दुसरा दवाखान्याच्या गुळगुळीत पत्रकातला असतो : पूर्णपणे सुरक्षित, वेदनारहित, निश्चिंत राहा. माझ्या थोरल्या भावाला हा उपचार मिळाला, त्याची फाईल पहिल्यापासून माझ्याकडे आहे, आणि या दोन्ही सुरांशी माझं जमत नाही.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. आलेला माल कागदाशी ताडून पाहायचा, फरक दिसला की शेरा मारायचा. तीच सवय इथे कामी आली. रुग्णालयाचं नाव देणार नाही, कारण मला त्यांची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. दादाला विचारून लिहितोय. त्याची अट एकच : ‘बिचारा’ हा शब्द कुठेही दिसता कामा नये.

दादाने जन्मभर शाळेत गणित शिकवलं. साठी उलटल्यावर त्याला नैराश्याने गाठलं, आणि तेही असं की घरातल्यांना आधी कळेचना हा कुठला आजार. आपली आतडी कुजली आहेत, खाल्लेलं पुढे सरकतच नाही, असं तो प्रमेय सिद्ध करावं तशा शांतपणे सांगायचा. घर जप्त होणार, असंही म्हणायचा. वहिनीने पासबुक पुढे धरलं तर, “हे खोटं छापून आणलंय तुम्ही.” डॉक्टरांच्या भाषेत हे सायकोसिससह, म्हणजे वास्तवाचं भान सुटलेलं, तीव्र नैराश्य. नैराश्याच्या गोळ्या झाल्या, जोडीला सायकोसिसच्या झाल्या, नंतर मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियमही झालं. पुरेसा डोस, पुरेसा काळ, काही कमी पडू दिलं नाही. तरी घसरण थांबेना. शेवटी त्याने खाणं सोडलं, आणि पाणीसुद्धा चमच्याने पाजायची वेळ आली. एकाच जागी तासन्‌तास बसून राहायचा. हाक मारली तर मान वळत नसे.

इथे मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ईसीटीचं नाव काढलं.

त्यांचा मुद्दा सरळ होता. गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि पाणी सोडलेल्या माणसाजवळ आठवडे नसतात. ईसीटीचा गुण बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागतो. तीव्र नैराश्याच्या १० रुग्णांपैकी साधारण ६ ते ८ जण त्यातून पुरते बाहेर येतात. आधी औषधं लागू न पडलेल्यांत हे प्रमाण खाली येतं, निम्म्याच्या आसपास. मात्र सायकोसिस असलेल्यांत आणि कॅटाटोनियात, म्हणजे दादासारखं गोठून बसणाऱ्यांत, ते उलट वर जातं. जितकं चित्र भयंकर तितकी आशा जास्त, हे ऐकून मी दोनदा विचारलं, “नक्की ना?” आत्महत्येचा तातडीचा धोका, आवरता न येणारा मॅनिया म्हणजे टोकाचा उन्माद, बाळंतपणानंतरचा सायकोसिस, क्लोझापिन या औषधालाही दाद न देणारा स्किझोफ्रेनिया, अशा ठिकाणीही हा उपचार वापरतात. रोजच्या ताणावर, चिंतेवर किंवा ‘स्वभाव सुधारावा’ म्हणून तो नाही. असं कुणी सुचवलं तर चपला घालाव्यात आणि निघावं.

आकड्यांवर माझा विश्वास लगेच बसत नाही, म्हणून मी पुरावा कसला म्हणून विचारलं. बाईंनी खोट्या ईसीटीच्या चाचण्यांबद्दल सांगितलं. रुग्णाला भूल द्यायची, डोक्याला विजेच्या पट्ट्या लावायच्या, सगळं जसंच्या तसं करायचं, फक्त वीज सोडायची नाही. अशा चाचण्या एकत्र करून २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जो आढावा छापून आला, त्यात खरी ईसीटी खोटीपेक्षा सरस ठरली, आणि औषधांपेक्षाही. तपासणीवाल्याला याहून चांगला कागद मिळत नाही. एक शेरा मात्र मारतोच : या खोट्या ईसीटीच्या चाचण्या बहुतेक जुन्या आणि लहान आहेत, आणि टीकाकार त्यावर बोट ठेवतात ते उगाच नाही.

आता संमतीपत्राची गोष्ट. इथे व्यवस्थेचे पहिले गुण गेले.

पहिल्यांदा आमच्यासमोर एक तरुण डॉक्टर आले, हातात छापील अर्ज. “इथे सही, इथे नाव, इथे रुग्णाशी नातं.” उपचाराबद्दल दोन वाक्यं, तीही उभ्या उभ्या. वहिनीने भीत भीत विचारलं, “हातपाय बांधून देतात का हो? सिनेमात दाखवतात तसं?” डॉक्टर हसले आणि म्हणाले, “छे छे, तसलं काही नसतं.” अहो, पण ज्या बाईच्या नवऱ्याच्या डोक्याला वीज लावायची आहे, तिच्या या प्रश्नाला हसणं हे उत्तर होऊ शकत नाही. वहिनी मला म्हणाली, “भाऊजी, मी सही करणार नाही.” बरोबर केलं तिने.

संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि सिनेमाच्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं. सिनेमातलं ते चित्र कुणी हवेतून आणलेलं नाही. १९३४ मध्ये बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेदुना नावाच्या डॉक्टरांनी कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणली आणि गोठून बसलेल्या रुग्णावर उपचार केला. आकडी आली की मनाचा आजार हटतो, असा त्यांचा तर्क होता. ज्या कारणाने त्यांनी तो बांधला ते पुढे टिकलं नाही, पण रुग्ण बरे होत होते. १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी रसायनाऐवजी वीज वापरली, आणि ईसीटी जन्माला आली. तेव्हा भूल नव्हती. आकडीत सगळं अंग इतक्या जोराने आखडायचं की मणके मोडायचे, दात तुटायचे. १९४० च्या सुमारास स्नायू सैल करायला क्युरारे आलं, दक्षिण अमेरिकेत बाणांना लावतात ते विष. पुढे १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन आलं आणि हाडं मोडायची थांबली. काही वेड्यांच्या इस्पितळांत रुग्णांना वठणीवर आणायला याचा वापर झाला, हेही बाईंनी लपवलं नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये ईसीटीच्या यंत्रांना, ठराविक आजारांपुरतं आणि १३ वर्षांपुढच्या रुग्णांसाठी, जास्तीत जास्त धोक्याच्या वर्गातून खाली आणलं.

मग बाई दादाकडे वळल्या. “सर, मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगता?” दादा म्हणाला, “मी मेलोच आहे, मेलेल्याला विचारायचं कशाला?” त्यांनी ते फाईलमध्ये जसंच्या तसं लिहिलं, त्याला आत्ता निर्णय घेता येत नाही असा शेरा दिला आणि मग वहिनीची सही घेतली. कोर्सच्या मध्यावर, दादा बोलायला लागल्यावर, तोच अर्ज पुन्हा त्याच्यासमोर ठेवला. “आता तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर थांबू.” दादाने चारही पानं वाचली, दुसऱ्या पानावरची शुद्धलेखनाची चूक पेनने दुरुस्त केली आणि सही केली. या एका गोष्टीसाठी बाईंना माझ्याकडून दहापैकी दहा.

आधीच्या तपासण्या नेहमीच्याच : रक्त, ईसीजी, रक्तदाब. पण दोन गोष्टी मला माहीत नव्हत्या. एक, दात बघतात. स्नायू सैल असले तरी वीज जबड्याच्या स्नायूंना थेट पोचते आणि ते करकचून आवळतात, त्यामुळे हलणारा दात आधीच शोधावा लागतो. दुसरी, दादाची झोपेची गोळी बंद केली. त्या जातीच्या गोळ्या आकडी रोखतात, आणि इथे तर आकडीच हवी असते. अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला असेल, डोक्यात गाठीमुळे दाब वाढलेला असेल, तर धोका बराच वाढतो. सरसकट ‘यांना कधीच नाही’ अशी यादी नसते, प्रत्येकाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. गरोदरपणातही गरज पडली तर देतात. मृत्यूचा धोका मी अर्थातच विचारला. लाख उपचारांमागे साधारण २. म्हणजे मुख्यतः भुलेचाच धोका, आणि तोही छोट्या शस्त्रक्रियेत असतो तेवढाच.

नातेवाइकांना आत घेत नाहीत, पण माझे प्रश्न ऐकून भूलतज्ज्ञ कंटाळले असावेत. एकदा म्हणाले, “या, उभे राहा कोपऱ्यात, कशाला हात लावू नका.”

खोली लहान, एक खाट, एक यंत्र, प्राणवायूची नळी, मॉनिटर. दादा रात्रीपासून उपाशी, केस आदल्या दिवशी धुतलेले, कारण तेलकट डोक्यावर पट्ट्या नीट बसत नाहीत. हाताला सुई. उजव्या घोट्याला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला होता, आणि घोट्याला कशाला, हे मला कळेना. भुलेचं औषध गेलं, दादाचे डोळे मिटले. मग सिस्टरने तो घोट्याचा पट्टा घट्ट फुगवला आणि त्यानंतरच स्नायू सैल करणारं औषध शिरेत सोडलं. पट्ट्यामुळे ते औषध त्या पावलात पोचत नाही. सगळं अंग निपचित राहतं, एक पाऊल तेवढं खरं बोलतं. किती साधी युक्ती! मी नोकरीत लाखांची उपकरणं पाहिली, पण इतकं स्वस्त आणि इतकं अचूक दर्शक फार थोडं पाहिलं.

दातांत रबरी ठोकळा. दोन्ही कानशिलांना इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणाऱ्या पट्ट्या. डॉक्टरांनी बटण दाबून धरलं. वीज काही सेकंदच, तीही सलग नाही, मिलिसेकंदाच्या आसपासच्या ठोक्यांनी. जबडा आवळला, कपाळ आक्रसलं. नंतर उजव्या पायाचा अंगठा थरथरू लागला. बस्स. खाटेवर दुसरं काही नाही. यंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती आणि तिच्यावर मेंदूच्या लहरी, आधी दाट, टोकदार, मग मोठ्या आणि सावकाश. सिस्टर मोठ्याने सेकंद मोजत होत्या. अर्धा मिनिट उलटून गेल्यावर अंगठा थांबला, आणि थोड्याच वेळात कागदावरची रेघ एकदम सपाट झाली. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर मात्र खूश. आकडी अशी कापल्यासारखी संपावी आणि मागे शांत रेघ यावी, हे ती चांगली झाल्याचं लक्षण असतं म्हणे. हृदयाचे ठोके मॉनिटरवर व्यवस्थित चालू होते, तिकडे पाहायला मला सुचलंच नव्हतं.

सगळं आटपायला तयारीपेक्षाही कमी वेळ लागला. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा असं देतात आणि पूर्ण कोर्स साधारण ६ ते १२ वेळांचा असतो.

किती वीज द्यायची, हे पहिल्या दिवशी ठरवतात. अगदी थोडीपासून सुरू करून आकडी नेमकी कुठे येते तो उंबरठा शोधतात. तो माणसागणिक बदलतो, वयाबरोबर वाढतो, कोर्स पुढे जाईल तसाही वाढतो. दोन्ही कानशिलांना द्यायची तर उंबरठ्याच्या दीडपट पुरते. फक्त उजव्या बाजूला द्यायची तर सहापटीपर्यंत जावं लागतं, पण आठवणींची किंमत कमी पडते. यातून एक गोष्ट कळते : नुसती आकडी आली म्हणजे काम झालं असं नाही. उजव्या बाजूला जेमतेम उंबरठ्याएवढी वीज दिली तर आकडी येते, गुण मात्र फारसा येत नाही. मग गुण नक्की कशाने येतो? याचं पूर्ण उत्तर अजून कुणाजवळ नाही. उपचारानंतर हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाचा, आकार वाढलेला दिसतो, मेंदूची आकडी रोखायची ताकद वाढते, तणावाच्या संप्रेरकांची घडी बदलते, एवढं दिसलेलं आहे. जळाल्याच्या खुणा स्कॅनमध्ये सापडलेल्या नाहीत.

दादाला दोन्ही बाजूंनी द्यायचं ठरलं, कारण ते लवकर लागू पडतं आणि आमच्याकडे वेळ नव्हता. याचा हिशेब पुढे चुकवावा लागणार होता, आणि बाईंनी तो आधी सांगितला होता.

गुण आला तो असा. पहिले काही दिवस काहीच नाही. एका सकाळी त्याने आपण होऊन पेला उचलला आणि पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी सिस्टरना म्हणाला, “ते भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, कुणी बघत नाही का?” वहिनी बाहेर जाऊन रडून आली. आतड्यांचा विषय हळूहळू मागे पडला. विचारलं तर म्हणायचा, “तसं वाटत होतं खरं. आता वाटत नाही.” कोर्स संपताना तो जेवत होता, वाद घालत होता, माझ्या हिशेबातल्या चुका काढत होता. वर्षभर औषधांना जे जमलं नाही ते या यंत्राने केलं. उपचाराला पैकीच्या पैकी देतो ते यासाठी.

आता आठवणी. हे नीट सांगायला हवं, कारण इथेच पत्रकं गुळमुळीत होतात.

शुद्धीवर आल्यावर अर्धा-एक तास दादा गोंधळलेला असायचा. कुठे आहे, कुठला वार, काही सांगता येत नसे. हे बहुतेकांना होतं आणि विरतं. कोर्स चालू असताना नवीन गोष्टी टिकत नसत. सकाळी कोण भेटून गेलं ते दुपारी पुसलेलं. हेही काही आठवड्यांत सुधारलं. अभ्यासही तेच सांगतात : २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर विचार करण्याची, नवं लक्षात ठेवण्याची ताकद शेवटच्या ईसीटीनंतर दोनेक आठवड्यांत पूर्ववत होते, आणि नंतर आजारपणातल्यापेक्षा चांगलीही होते. दादाची आकडेमोड कुठेच अडली नाही. पण तिसरा प्रकार वेगळा आहे. उपचाराच्या आधीच्या काही महिन्यांतल्या, कधी त्याहून जुन्या, स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी. त्यांतल्या काही परत येतात, काही येत नाहीत. २००३ च्याच दुसऱ्या एका आढाव्यात किमान एक तृतीयांश रुग्णांनी टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार केली होती. चाचण्यांच्या कागदावर ठीक दिसणारा माणूस घरात अडखळू शकतो, कारण त्या चाचण्या शब्दांच्या याद्या विचारतात, तुमचा भूतकाळ क्वचितच विचारतात.

घरी आल्यावर एके दिवशी दादा खुंटीपाशी उभा राहून किल्ली शोधत होता. गाडी आम्ही आजारपणाच्या सुरुवातीला विकली होती, सही त्यानेच केली होती. तो कागद दाखवला तर अक्षर ओळखलं, प्रसंग नाही. गाडीचं काही वाटत नाही मला. पण त्याचा शाळेपासूनचा मित्र त्याच वर्षी गेला होता. दादा त्याच्या अंत्यविधीला आला होता, माझ्या शेजारी उभा होता. महिनाभराने तो वहिनीला म्हणाला, “त्याला फोन लाव गं, किती दिवसांत बोललो नाही.” ती बातमी त्याला दुसऱ्यांदा ऐकावी लागली, आणि दुसऱ्यांदा पहिल्यासारखीच लागली.

व्यवस्थेचे सर्वांत जास्त गुण मी इथे कापले. कोर्सच्या आधी स्मरणशक्तीची साधी चाचणीसुद्धा घेतलेली नव्हती, मग नंतर किती गेलं हे मोजणार कशाशी? विचारलं तर ओपीडीत उत्तर मिळालं, “येईल हो हळूहळू.” उपयोगाचा सल्ला दिला तो वॉर्डातल्या एका वयस्क सिस्टरनी, तोही जिन्यात. “वही करा. गेल्या वर्षात काय काय झालं, कोण गेलं, कोणाकडे काय झालं, पैशांचे काय व्यवहार केले, सगळं तारखेसकट लिहा. फोटो चिकटवा. त्यांनी विचारायच्या आधी हातात द्या.” ही वही उपचाराच्या आधी करायला सांगायला हवी, संमतीपत्राबरोबर कोरी वहीच द्यायला हवी. वहिनीने ती केली. दादा ती अजून चाळतो आणि काही पानांवर ‘हे आठवतं’ म्हणून खूण करतो. खुणा वाढल्यात. सगळ्या पानांवर नाहीत.

मी त्याला सरळ विचारलं, पुन्हा वेळ आली तर घेशील का? तो म्हणाला, “घेईन. या वेळी उजव्या बाजूने जमतं का आधी बघायला सांगेन.” असंच उत्तर प्रत्येकजण देईल असं नाही. ज्यांचं बरंच काही गेलं आणि गुणही आला नाही, त्यांचा राग खोटा कसा म्हणायचा?

शेवटचे गुण डिस्चार्जच्या कागदावर गेले. ‘औषधे चालू ठेवा, ओपीडीत दाखवा.’ कधी, कुणाला, काय बघायला, पत्ता नाही. ईसीटीची खरी कमजोर बाजू हीच आहे : गुण पटकन येतो आणि सांभाळला नाही तर पटकन जातो. २००१ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ईसीटीने बरे झालेल्यांना नंतर नुसती साखरेची गोळी दिली, तर सहा महिन्यांत १०० पैकी ८४ जण पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलीन हे नैराश्याचं औषध आणि लिथियम दोन्ही दिलेल्यांत हा आकडा ३९ होता. ३९ सुद्धा थोडा नाही. म्हणजे कोर्स संपतो तिथे निम्मंच काम झालेलं असतं, आणि आमच्या हातात दीड ओळ. मी तो कागद घेऊन परत बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी लिथियम, त्याच्या रक्तातल्या पातळीच्या तपासण्यांच्या तारखा आणि अंतर वाढवत नेलेली ईसीटी, आधी आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, असा तक्ता स्वतःच्या हाताने आखून दिला. तक्ता उत्तम आहे. तो मागावा का लागला, एवढाच माझा प्रश्न.

केटामाइनचं, म्हणजे नैराश्यावरही वापरतात त्या भुलेच्या औषधाचं, काय, असं हल्ली बरेच जण विचारतात. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर ते ईसीटीपेक्षा कमी पडलं नाही, आणि आठवणींना ते सौम्य ठरलं. पण त्या चाचणीत सायकोसिस असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. दादासारख्याला त्या निकालाचा आधार नव्हता. तुमच्या माणसाला सायकोसिस नसेल आणि थोडा वेळ हाताशी असेल, तर हा प्रश्न जरूर विचारा. सोबत इलेक्ट्रोड कुठे लावणार आणि का, उंबरठा मोजणार की अंदाजाने देणार, आकडी कागदावर बघणार की नुसती डोळ्यांनी, आणि कोर्सनंतर काय, हेही विचारा. ज्या ठिकाणी या प्रश्नांनी डॉक्टर वैतागतात, तिथे उपचार घ्यावा असं मला वाटत नाही.

नातलगांपैकी एकाने आम्हाला बजावलं होतं, बाहेर कुठे बोलू नका. १९७२ मध्ये अमेरिकेत थॉमस ईगलटन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी याच गोष्टीमुळे सोडावी लागली, नैराश्यासाठी शॉक घेतले होते हे बाहेर आलं म्हणून. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “मला कुठे निवडणूक लढवायचीय?” आणि त्या नातलगाला त्याने स्वतः फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, घोट्याच्या पट्ट्यासकट.

हा मजकूर त्याला वाचायला दिला. मित्राच्या भागाशी थोडा थांबला, तिथे काही बदलू नकोस म्हणाला. मग नेहमीच्या सुरात तक्रार : “डोकेदुखीचा पत्ताच नाही यात.” त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक वेळी दुपारपर्यंत डोकं ठणकायचं आणि जबडा असा दुखायचा की घास चावणं नको वाटायचं. पहिले काही वेळा त्याने सांगितलंच नाही, हे असायचंच असं समजून. सांगितल्यावर भूलतज्ज्ञांनी आधीच वेदनाशामक द्यायला सुरुवात केली आणि त्रास निम्म्यावर आला. “हे लिही,” म्हणाला, “लोकांच्या कामाचं आहे. बाकी तू फार पाल्हाळ लावलंयस.”